सिलिंडर कुणाचे?

आम्ही दोघी जावांनी कोल्हापुरात घरामागच्या पत्र्याच्या शेडात कांदा-लसूण मसाला सुरू केला, तेव्हा साध्या पिशवीवर लेबल चिकटवायचो. मागणी वाढली आणि छापील पाऊच करायची वेळ आली. पाऊच छापणाऱ्याशी झालेला पहिला करार मी वाचलाच नाही. दर पाहिला आणि शेवटच्या पानावर सही केली.

पाऊचला सहा रंग होते. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे मजकूर-चित्र कोरलेला धातूचा रूळ, लागतो. सहाही सिलिंडरचे पैसे आम्हीच भरले. पुढे गोकुळ शिरगावच्या मोठ्या जागेत गेलो आणि पाऊचवरचा पत्ता बदलणं भाग होतं. पण करारात वर्षाची किमान खरेदी बांधलेली होती, त्यामुळे जुन्या पत्त्याचे छापील फिल्मचे रोल उचलावेच लागले. पत्ता फक्त काळ्या रंगात होता, म्हणजे नवा सिलिंडर एकच लागणार होता. दुसरीकडे छापायला सिलिंडर मागितले, तर उत्तर आलं, "करार बघा." पैसे आमचे, ताबा त्यांचा, आणि वर्षभर ऑर्डर नसली तर सिलिंडर मोडीत काढायचा हक्कही त्यांचाच! सहाही नव्यानं करावे लागले. निकामी रोल कितीतरी दिवस मिरचीच्या पोत्यांशेजारी पडून होते. ते बघितलं की पोटात कालवायचं.

यंदा नव्या छपाईदाराचा अकरा पानी इंग्रजी करार आला. संध्याकाळी कांडप थांबलं की जाऊ एकेक कलम वाचायची आणि मी ते मराठीत सांगायची. जे मला सांगता आलं नाही, तिथं पेन्सिलीनं खूण केली. अशा चौदा खुणा घेऊन वकीलमॅडमकडे गेलो.

साठ दिवसांची उधारी वाचून मी खूश होते. मॅडमनी तिथंच थांबवलं. छपाईदार 'उद्यम' ही सरकारी नोंदणी असलेला लघुउद्योजक आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यानं अशा उत्पादकाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. शिवाय आयकराच्या नियमानं मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. आम्हीच 45 लिहून घेतले. आमचे पैसे वेळेवर यावेत असं वाटतं, तर त्यांचेही वेळेवर जायला हवेत.

मालात दहा टक्के कमी-जास्त चालेल, हे कलम मान्य केलं. मशिन लागताना फिल्म वाया जातेच, फक्त बिल प्रत्यक्ष वजनावर ठरलं. किमान खरेदी निम्म्यावर आणली. वाद झाल्यास न्यायालय त्यांच्याच शहरातलं राहिलं, तिथं ते हलले नाहीत.

सिलिंडरवर मात्र मी अडून बसले. मालकी आमची, आणि थकबाकी नसेल तर मागितल्यापासून पंधरा दिवसांत ताबा. थकबाकीची अट त्यांनी घातली आणि ती रास्तच होती.

मागच्या आठवड्यात पहिला नमुना बघायला गेले. रॅकवर सहाही सिलिंडरना आमच्या नावाची पट्टी होती. फोटो काढला, तारीख घातली आणि कराराच्या फाइलला लावून ठेवला.