पाठीमागची बाजू

दर दिवाळीत पाडव्याच्या सकाळी पुण्याहून मिरजेला जाऊन, पन्नाशी उलटलेली माणसं खो-खो खेळता, त्यात असं काय आहे? हे मला ऑफिसात विचारतात, शेजारी विचारतात. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून तो जिंकला, तेव्हापासून जरा जास्तच विचारतात. दोन्ही कर्णधार आपल्याकडचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. ते अंतिम सामने बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

तिथं मॅट होती, हव्या त्या दिशेला वळू शकणारा, वझीर म्हणतात तो खेळाडू होता. आमचा खेळ मातीतला. फक्कीने आखलेलं मैदान, दोन टोकांना लाकडी खांब आणि मधल्या पाटीवर आठ जण उकिडवे बसलेले, एकाचं तोंड शाळेकडं तर शेजारच्याचं कडुलिंबाकडं. धावणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती मोडायची नाही. पलीकडं जायचं तर बसलेल्याला पाठीमागून खो द्यायचा. बसलेल्याचं सगळं ध्यान पाठीवर. पावलं जवळ येतात, माती उडते, पाठीवर थाप पडते आणि कानाशी "खो!" त्या थापेवरून कोण आलाय ते मला कळायचं. आजही कळतं.

पण या खेळात एक गोष्ट आहे. बसलेलं असताना पाठीमागचं दिसत नाही आणि उठलं की पुढच्या गड्याशिवाय काही दिसत नाही. १९८६च्या शाळांच्या अंतिम सामन्यात आम्ही एका गुणाने हरलो. तो सामना माझ्या डोळ्यांत तुकड्यातुकड्यांनी आहे. शाळेच्या व्हरांड्यातली पोरं दिसतात, बाईंची हिरवी साडी दिसते. शेवटचा गडी माझ्या बोटांच्या वीतभर अंतरावरून निसटला, तेही दिसतं. कडुलिंबाच्या बाजूला काय चाललं होतं, ते माझ्याकडं नाही.

२०१७च्या पाडव्याला आम्ही इतक्या वर्षांनी पहिल्यांदा जमलो. दोन डाव खेळलो, कुणी सूर मारला नाही. मग खांबाला टेकून चहा घेताना तोच सामना निघाला. प्रत्येक जण आपापल्या बाजूचं सांगत होता. माझ्या शेजारच्या चौकोनात बसायचा तो, आता कापडाचं दुकान चालवतो, सहज म्हणाला, "आणि तुझे अण्णा किती ओरडत होते रे त्या दिवशी!"

मी म्हटलं, अण्णा आलेच नव्हते.

"आलेले की. कडुलिंबाखाली सायकल धरून. खाकी कपड्यांत."

अण्णा, माझे वडील, रेल्वेत होते, मिरज जंक्शनला. त्या दिवशी त्यांची दिवसपाळी होती. सामन्याला या म्हणून मी चार दिवस मागं लागलो होतो, आणि ते आले नाहीत हे मनात धरून मी मोठा झालो. त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. २००९ला ते गेले.

मग बाकीचेही सांगायला लागले. हँडलला डबा अडकवलेला होता. मी पळायला उठलो तेव्हा ते सायकल तशीच हातात धरून दोन पावलं पुढं, पार रेषेपर्यंत आले. पंचांनी हाताने मागं व्हायला सांगितलं. गडी निसटला तेव्हा त्यांनी टोपी काढली, आणि शिट्टी व्हायच्या आत सायकलवर टांग टाकून स्टेशनकडं गेले. पाळी सोडून आले असणार.

चौघांनी चार तुकडे दिले. डबा एकाला आठवला, टोपी दुसऱ्याला. एकट्या कुणाकडं ते सगळं नव्हतं, आणि माझ्याकडं तर काहीच नव्हतं.

तेव्हापासून एकही पाडवा चुकवलेला नाही. गुडघ्याला पट्टा बांधून खेळतो. चौकोन वाटून घेताना आता मला कुणी विचारत नाही, कडुलिंबाकडं तोंड असलेला तिसरा चौकोन माझ्यासाठी मोकळा ठेवतात. झाड अजून आहे. पाडव्याच्या सकाळी त्याची सावली बरोबर रेषेपर्यंत येते.