समितीने मे महिन्यात यावं

गेल्या आठवड्यात माहेरी गेले होते. सकाळी वहिनी कळशी घेऊन निघाली, तेव्हा मी म्हटलं, "अगं, आता अंगणात नळ आलाय ना?" ती म्हणाली, "वन्सं, नळाला वारा येतो, पानी नाय." जवळ जाऊन बघितलं. सिमेंटचा ठोकळा, त्यातून वर आलेला पाइप, त्याला तोटी. तोटीच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

मी ३१ वर्षं लेखा शाखेत नोकरी केली. त्या तोटीकडे बघताना मला तिची फाइलच दिसत होती. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी, देयकं, पूर्णत्वाचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र. त्यात एक अक्षरही खोटं नसेल. पाइप टाकलाय, टाकी उभी आहे, ज्या कामाला पैसे आले त्याच कामावर गेलेत. पण उद्भव फेब्रुवारीत आटतो.

उद्भव म्हणजे पाणी जिथून उचलायचं ती जागा. आमच्याकडे ती पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, विहीर. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा तो धरून ठेवत नाही. शिमग्याला पऱ्यातले धोंडे कोरडे होतात. वाडीतल्या कोणत्याही बाईने हे अंदाजपत्रक करणाऱ्याला सांगितलं असतं. जलजीवन मिशन २०१९च्या १५ ऑगस्टला जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात, हे त्याचं वचन. वहिनीचं घर 'नळजोडणी दिली' या रकान्यात आहे. पाणी वर्षातले किती महिने येतं, असा रकाना माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही नमुन्यात नव्हता.

"पीआरसी येतेय" अशी बातमी आली की आमच्या कार्यालयात कोणाचा डोळ्याला डोळा लागत नसे. पीआरसी म्हणजे विधिमंडळाची पंचायती राज समिती. दोन्ही सभागृहांतले, सगळ्या पक्षांचे आमदार त्यात असतात. जिल्हा परिषदेच्या लेखापरीक्षणात निघालेले आक्षेप समोर ठेवून ते अधिकाऱ्यांची साक्ष घेतात, पंचायत समित्या, ग्रामपंचायती, शाळा बघतात. आम्ही रात्री अकरापर्यंत बसून अनुपालन, म्हणजे आक्षेपांना उत्तरं, लिहायचो. त्या धाकानेच वर्षानुवर्षं अडकलेल्या वसुल्या झालेल्या मी स्वतः बघितल्या आहेत, म्हणून ही समिती हवीच, असं मी मनापासून म्हणते.

तिथे प्रश्न यायचे ते बहुतेक प्रमाणकं (खर्चाच्या पावत्या) कुठे आहेत, निविदेची मुदत का पाळली नाही, रक्कम अखर्चित का राहिली, असे. एकदाच एका आमदारांनी मोजमाप पुस्तक मिटलं आणि विचारलं, "या विहिरीत पाणी किती फूट?" अभियंत्यांनी ऑक्टोबरचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मी एप्रिलचं विचारतोय." सभागृहात पंखे तेवढे फिरत होते. मी मागच्या रांगेत फाइली मांडीवर घेऊन बसले होते आणि मला वाटलं, हा माणूस कधीतरी कळशी घेऊन चाललाय. ३१ वर्षांत तो प्रश्न मी पुन्हा ऐकला नाही.

शिवाय आक्षेप समितीसमोर यायलाच वर्षं जातात. तोवर अभियंता बदलून गेलेला, लेखाधिकारी निवृत्त, ठेकेदाराची अनामत परत गेलेली. साक्षीला उभा राहणारा म्हणतो, "माझ्या काळातलं नाही," आणि ते खरंच असतं. वरच्या पातळीवरही तीच गत. राज्याच्या हिशेबांवरचा कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल घटनेच्या कलम १५१प्रमाणे राज्यपालांकडे जातो, तिथून सभागृहाच्या पटलावर, मग विधिमंडळाच्याच लोकलेखा समितीकडे. तो अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी पटलावर ठेवला, असं कितीदा तरी झालंय. मग चर्चा करणार कधी? कॅग तर योजनेच्या कामगिरीचीही तपासणी करतं: पैसा नियमाने गेला का एवढंच न बघता त्यातून काय साधलं तेही बघतं. वहिनीच्या नळाला नेमका तोच प्रश्न विचारायला हवा.

माझं मागणं साधं आहे. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनाच्या मधल्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, समितीने कोकणचा दौरा ठेवावा. आधी विहिरीवर यावं, बायकांना विचारावं, मग साक्षीला बसावं. आक्षेप कितीही जुना असो, पाणी आजचं बघावं.

तसा अर्ज मी आमच्या आमदारांमार्फत समितीला पाठवतेय. पुरावा म्हणून काय जोडावं याचा विचार करत होते, तर वहिनीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून हातात दिलं. दुधाच्या हिशेबाशेजारी टँकर आला त्या दिवशी 'टँ' आणि नळाला पाणी आलं त्या दिवशी टिंब, असं ती गेलं वर्षभर लिहीत आलीये. कोणी सांगितलं नव्हतं. पानं मागे उलटत गेले. शेवटचं टिंब १९ फेब्रुवारीला आहे. त्या सगळ्या पानांचे फोटो काढलेत, उद्या झेरॉक्स करून अर्जाला लावते.