घरी केलेल्या डिस्कवरची छपाई

आजीच्या आवाजातल्या ओव्या किंवा व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून घेतलेले लग्नाचे चित्रीकरण ज्या डिस्कवर आहे, तिच्यावर पेनाने घाईघाईत काहीतरी खरडलेले पाहून मला वाईट वाटते. कारण ज्या ऐवजासाठी आपण एवढा खटाटोप केला, त्याचे नाव तरी नीट, देखणे आणि टिकाऊ असायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे कागदी स्टिकर चिकटवू नये. डिस्क ड्राइव्हमध्ये अतिशय वेगाने फिरते, त्यामुळे स्टिकर केसभर जरी एका बाजूला सरकला तरी तोल बिघडून ती थरथरते, आणि उष्णतेने गोंद सुटला तर कागदाची कड आत अडकते. सीडीच्या बाबतीत तर लेबलची बाजूच अधिक नाजूक असते. तिथे परावर्तक थरावर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) केवळ पातळ लेप असतो, म्हणून टोकदार पेन किंवा उचकटलेला स्टिकर थेट माहितीलाच इजा करतो. डीव्हीडीत हा थर 0.6 मिमी जाडीच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

यावर खरा उपाय म्हणजे पांढऱ्या लेपाची 'प्रिंटेबल' डिस्क आणि ती ट्रेमध्ये बसवून थेट छापणारा इंकजेट प्रिंटर. एप्सनचे एल 805 हे त्यांपैकीच एक मॉडेल. एचपीने 2004 मध्ये पुढे आणलेले लाइटस्क्राइब तंत्र मला आवडत असे. त्यात डिस्क उलटी घालून ड्राइव्हच्याच लेझरने चित्र कोरता येई, पण ते एकरंगीच असे आणि उजेडात फिके पडे.

आराखडा 120 मिमी व्यासाचा घ्यावा. इंचाला 300 बिंदू धरले तर साधारण 1417 पिक्सेलचा चौरस होतो. काही डिस्कवर पांढरा लेप मधल्या 15 मिमीच्या छिद्राजवळूनच सुरू होतो, काहींवर बराच बाहेरून, त्यामुळे हातातली डिस्क पट्टीने मोजूनच आराखड्यात आतला व्यास भरावा.

मराठी मजकूर मात्र गोलाकार वळवण्याचा मोह टाळावा. देवनागरीचा जीव शिरोरेषेत आहे; वळणावर प्रत्येक अक्षर वेगळे तिरके होते, रेषा पायऱ्यांसारखी तुटते आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर चढतात. छिद्राच्या वर शीर्षक आणि खाली गाव, साल व आवाज कोणाचा ते, अशा सरळ, ठसठशीत युनिकोड ओळी व्यावसायिक डिस्कच्या तोडीच्या दिसतात.

डिस्क आधी बर्न करून पूर्ण तपासावी आणि मगच छापावी, म्हणजे बिघडलेल्या प्रतीवर शाई वाया जात नाही. छापल्यावर ती दिवसभर उघडी वाळू द्यावी, पावसाळ्यात त्याहूनही जास्त, कारण शाई कोरडी वाटली तरी ओलसर बोट लागताच अक्षर फिसकटते.