मी केलेली बरोबरची खूण

माझ्या गेल्या वर्षीच्या डायरीत एका मुलाच्या नावापुढे निळ्या शाईने बरोबरची खूण केलेली आहे. शेजारी माझ्याच अक्षरात ‘वाचन समाधानकारक’ असा शेरा. चौथीचा वर्ग, जुलै महिना. त्या दिवशी मी त्या शाळेत जेमतेम पाऊण तास होते, कारण पुढच्या वस्तीवरची शाळा सुटायच्या आत तिथे पोहोचायचं होतं.

मी समावेशित शिक्षणाची विशेष शिक्षिका. पगार गटसाधन केंद्रावरून होतो, पण खरं ऑफिस म्हणजे माझी दुचाकी. साताऱ्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा, डोंगरकपारीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा, आणि प्रत्येक शाळेत माझ्यासाठी दोन-चार मुलं राखून ठेवलेली. ऐकू कमी येणारं एखादं, पाय वळलेलं एखादं. ती पटकन दिसतात. ज्याचं काहीच दिसत नाही, ते पोरगं वर्षानुवर्षं बाकावर बसून राहतं.

यंदा दिवाळीनंतर त्याच शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. तक्रार वाचनाची नव्हतीच. “मॅडम, पाचवीतलं एक पोरगं बघून जावा. शेजारच्याला कंपासपेटी फेकून मारली, भुवईवर दोन टाके पडले. आधी असं नव्हतं हो.”

मी गेले तेव्हा तो ऑफिसच्या दारात उभा होता. मला बघून हसला, कारण गेल्या वर्षी त्याच्या वाचनाला मी ‘शाब्बास’ म्हणाले होते. ते त्याच्या लक्षात होतं. माझ्या नव्हतं.

गुरुजींनी त्याची पार्श्वभूमी सांगितली. वडील गलाईवाले. आमच्या भागातली निम्मी घरं या धंद्यावर उभी आहेत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, आणि त्यासाठी देशभर पांगायचं. याचे वडील कोइमतूरला. पहिली-दुसरीची दोन वर्षं पोरगं तिकडेच होतं, तिसरीला आजीपाशी परत आलं. “त्यामुळं मराठी कच्चं राहिलं,” गुरुजी म्हणाले. पटण्यासारखं होतं. ज्याला नीट शिकवलंच गेलं नाही त्याला वाचता आलं नाही, तर तो दोष शाळा बदलण्याचा. त्याला डिस्लेक्सिया, म्हणजे डोकं चांगलं असूनही अक्षर-आवाजाची सांगड न बसल्यानं वाचन अडणं, असं म्हणता येत नाही. आमच्या कामातला सगळ्यात चिवट पेच हाच.

पण तिकडून परतलेली मुलं घरात दोन होती. थोरली बहीण तेव्हा पाचवीत आली होती, तिनेही दोन वर्षं तिकडेच काढलेली. ती आता सातवीत आहे आणि परिपाठाला रोज तीच बातम्या वाचते. एकाच घरातली, एकाच प्रवासातली दोन मुलं. एकीला सहा महिन्यांत मराठी वाचता आलं. तमिळचं म्हणाल तर याची तमिळ बहिणीपेक्षा सरस. ओण्णु, रेण्डु, मूणु करत त्याने मला शंभरापर्यंत आकडे म्हणून दाखवले, आणि तिथला भाजीवाला गिऱ्हाइकाशी कसा भांडतो त्याची नक्कलही केली. कानावर पडलेलं काही या मुलाच्या डोक्यातून पुसलं जात नव्हतं.

मी त्याला पाचवीच्या पुस्तकातला झालेला धडा वाचायला दिला. घडघडा वाचला. आवाजात चढउतार, पूर्णविरामाला थांबणं, सगळं व्यवस्थित. फक्त एका ठिकाणी पुस्तकात ‘विहीर’ होतं आणि तो ‘आड’ म्हणाला. आमच्याकडे घरात आडच म्हणतात. तिथे माझे कान टवकारले. शब्द चुकीचा वाचला असता तर तो ‘विहीर’च्या आसपासचा काहीतरी निघाला असता. हा तर घरातून आलेला शब्द होता.

मग मी बॅगेतून तो कागद काढला. त्यावर बारा शब्द असतात, आणि एकालाही अर्थ नसतो. मोटीप. धेगुल. नाबिस. कुर्झा. असले शब्द देण्याचं कारण साधं आहे. ओळखीचा शब्द मूल चित्रावरून, मागच्या-पुढच्या वाक्यावरून किंवा पहिल्या अक्षरावरून ताडू शकतं. ‘धेगुल’ ताडता येत नाही. अक्षराला आवाज जोडायचा आणि आवाजाला आवाज जोडायचा, एवढी एकच वाट उरते.

त्याने कागद हातात घेतला. उलटून मागची बाजू पाहिली.

“मॅडम, ही कुठल्या धड्यातली?”

“कुठल्याच नाही. मी बनवलेत.”

“चित्र न्हाई ह्यात?”

“नाही.”

तो बराच वेळ गप्प राहिला. आता पाणी प्यायला जाईल, पोटात दुखतंय म्हणेल, असं मला वाटलं. पळवाटा शोधणारी मुलं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. त्याने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू चूक माझीच होती.

“मग आधी कुणीतरी वाचून दावाय पायजे की. वाचून दावल्याबगर कसं येनार?”

मी म्हटलं, “बाकीच्यांना कसं येतं?”

“त्यांचं ध्यान चांगलं हाय. एकदा ऐकलं की ऱ्हातं त्यांच्या. मला तीनदा ऐकाय लागतं.”

हे त्याने अगदी सरळपणे सांगितलं. मला काय बोलावं ते सुचेना. अकरा वर्षांच्या नोकरीत मी धरून चालले होते की अशी मुलं फसवतात, झाकतात, वेळ मारून नेतात. तो काहीच झाकत नव्हता. वाचणं म्हणजे कुणीतरी आधी म्हणून दाखवलेलं त्या-त्या पानावर बोट ठेवून पुन्हा म्हणणं, अशीच त्याची समजूत होती. सगळं जग असंच करतं, फक्त आपली आठवण इतरांपेक्षा कमी पडते, असं मानून गडी तीन वर्षं राबत होता. रोज रात्री बहिणीकडून उद्याचा धडा तीनदा ऐकायचा. कुठल्या ओळीला पान उलटतं तेही लक्षात ठेवायचं. बहीण वाचता वाचता ‘विहीर’चा ‘आड’ करायची, तो तसाच्या तसा शाळेत येऊन पोहोचत होता.

आणि मी गेल्या जुलैत त्याला विचारलं होतं, “कुठला धडा झालाय तुमचा? तो वाच बरं.”

कंपासपेटीचा उलगडा मधल्या सुट्टीत झाला. न झालेला मजकूर वर्गात अचानक वाचायला लागला, तर त्याची तजवीज म्हणून त्याने बाकावरच्या मित्राशी ठरवून घेतलं होतं. मित्राने हळूच सांगायचं, याने मोठ्याने म्हणायचं. मोबदला म्हणून आधी चिंचा, मग पोषण आहारातलं केळं, मग शुक्रवारच्या बाजारचे पाच रुपये. दर वाढत गेला. दिवाळीनंतर याने पैसे द्यायला नकार दिला. तेव्हा मित्राने फळ्यावरच्या सुविचाराच्या जागी भलतंच वाक्य त्याच्या कानात सांगितलं. काय ते लिहीत नाही, पण गुरुजींच्या टकलाशी संबंधित होतं. याने ते खणखणीत आवाजात ‘वाचलं’. वर्ग फुटला. त्या दिवसापासून त्याचं नाव ‘ढ’ पडलं.

या ‘ढ’ची गंमत सांगतात ती अशी की, ब्राह्मीपासून आजपर्यंत बाकीच्या अक्षरांची वळणं पार बदलली, पण ढ जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो शिकूनही बदलत नाही तो ढ. पोरांना हे ठाऊक नसतं. त्यांनी खडूने त्याच्या बाकावर ते अक्षर काढून ठेवलं होतं, आणि ज्या मुलाला ध आणि घ, भ आणि म यांतला फरक सांगताना घाम फुटत होता, त्याला हे एक अक्षर मात्र लांबूनही ओळखू येत होतं.

त्याची वही मी घरी नेली. मराठीत या मुलांची सगळ्यात जास्त दमछाक कोण करत असेल तर तो र. ‘घर’मध्ये तो सरळ उभा असतो, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर जाऊन बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘राष्ट्र’मध्ये खाली टोपी घालतो, ‘वाऱ्या’मध्ये आडवा पडतो. पहिल्या वेलांटीचंही तसंच. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो, लिहिताना वेलांटी आधी. त्याच्या वहीत सूर्य ‘सुय्र’ होता, चक्र ‘चर्क’ होतं. प्रत्येक ठिकाणी र होताच, फक्त त्याला जागा सापडत नव्हती.

आम्हाला प्रशिक्षणात एक जुनी केस शिकवली होती. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लंडमधल्या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 14 वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाबद्दल लिहिलं. हुशार, खेळात कुणाला हार न जाणारा, पण वाचता येत नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं, तर शाळेत हाच सगळ्यांत चलाख ठरला असता. त्याने स्वतःचं नाव लिहिलं ते ‘पर्सी’ऐवजी ‘प्रेसी’ असं. तिकडेही र-नेच जागा सोडली होती. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याच्याही आधी, 1887 मध्ये, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने वापरला होता. आमच्याकडे अजूनही पहिली शंका डोळ्यांवरच जाते. या मुलालाही आजीने आधी चष्म्याच्या दुकानात नेलं आणि मग देवऋष्याकडे.

दुसऱ्या आठवड्यापासून मी मंगळवार त्याच्या शाळेसाठी ठेवला. ताटात वाळू घेऊन अक्षर बोटाने काढायचं आणि काढतानाच त्याचा आवाज म्हणायचा. डोळे मिटून शब्द तोडायचे: ‘कमळ’मधून क काढला तर काय उरतं? पहिल्या दिवशी त्याचं उत्तर, “चिखल.” मला हसू आवरेना, तोही हसला. हे काम फार मंद चालतं, त्यात सांगण्यासारखं नाट्य काही नाही. फेब्रुवारीत त्याने ‘मोटीप’ वाचलं, तेही मो-टी-प असं तीन तुकड्यांत. वाचून झाल्यावर विचारलं, “मंजी काय?” मी म्हटलं, “काही नाही.” त्याला ते काही पटलं नाही. एवढी मेहनत करून हाती काहीच नाही?

गुरुजींनी बाक बदलला, आणि वर्गात मोठ्याने वाचायला त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायला लागले. माणूस चांगला. पण मुलांनी ‘ढ’ म्हणायचं थांबवलं नाही. ते कुणाच्या सांगण्याने थांबत नाही.

अडलं ते कागदावर. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) नव्हतीच. 2016 च्या कायद्यात प्रकार 21 झाले आणि तिला जागा मिळाली. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर पुढे दहावीला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, लेखनिक मिळतो, शुद्धलेखनाच्या चुकांना गुण कापत नाहीत. आमच्या राज्यात या सवलतींची सुरुवात 1996 ची आहे, बऱ्याच राज्यांच्या आधीची. हे सगळं मी त्याच्या आईला घरी जाऊन सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं, चहा दिला, मग अर्जावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. दिव्यांग.

“त्याचं हातपाय धड हायती, मॅडम. दोन वर्सांनी थोरलीला बघाय लोकं यायला लागतील. घरात असलं काय हाय का, इचारत्यात. काय सांगू?”

मी तिला म्हणाले की हा आजार नाही. हेही म्हणाले की हे घराण्यात चालत येतं. दुसरं वाक्य त्या बाईसमोर बोलायला नको होतं, ते तोंडातून निघाल्यावर कळलं. तिने अर्ज घडी करून माझ्या हातात दिला. सही न झालेला तो अर्ज पावसाळी रेनकोटखाली माझ्या गाडीच्या डिकीत आहे. तिची भीती खोटी आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. मीही याच गावगाड्यातली.

मुलाच्या वडिलांशी माझं बोलणं फोनवरच झालेलं. ते कधी मेसेज लिहीत नाहीत, रेकॉर्ड करून पाठवतात. दुकानात भट्टीची घरघर असते, त्यातून आवाज येतो. मला वाटायचं हात रिकामे नसतील. आईने अर्ज परत केला त्या रात्री मी त्यांना सगळं सविस्तर लिहून पाठवलं, चांगलं पानभर. दोन निळ्या खुणा उमटल्या. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी थोरलीचा फोन आला, “मॅडम, पप्पा म्हणत्यात तुम्ही काय पाठवलंय ते मी त्यांना वाचून दावू का?”

त्या रात्री त्यांचा आवाज आला. भट्टी बंद असावी.

“मॅडम, मी सातवीत शाळा सोडली. कसोटीवर रेघ मारली की सोनं किती टंच ते मी नुसतं बघून सांगतो, हितली मानसं माझ्याकडं खात्री कराय येत्यात. पण पावती दुसरा लिवतो. शाळा का सोडली ते मला आजपातूर कुणी इचारलंच न्हाई. पोराला जे झालंय त्याचं नाव काय म्हनालात, ते परत एकदा सांगा.”

मी उत्तर लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्यावर त्या खोडल्या, आणि माइकचं बटण दाबून धरलं.