सलीन काउंटीतली पणजी

सासूबाईंचे पणजोबा १८७०च्या दशकात बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेकियातून, नेब्रास्कातल्या सलीन काउंटीत आले. त्यांच्या कर्तबगारीच्या गोष्टी माझ्या सासरी दर थँक्सगिव्हिंगला निघतात. पणजीचा विषय मात्र निघत नाही. तिचं माहेरचं आडनावही कुणाला ठाऊक नव्हतं. यंदाच्या उन्हाळ्यात सासूबाई, नवरा आणि मी गाडी काढून निघालो ते तिच्यासाठी.

वाटेत बीअॅट्रिसजवळचं होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क पाहिलं. १८६२च्या होमस्टेड कायद्यानुसार किरकोळ फी भरून १६० एकर सरकारी जमिनीवर दावा सांगता यायचा. पाच वर्षं तिथे राहून ती कसली की मालकी मिळायची. १ जानेवारी १८६३ला कायदा लागू झाला, त्याच दिवशी डॅनियल फ्रीमनने दावा नोंदवला. त्याच्याच जमिनीवर हे पार्क आहे. ही जमीन बिनमालकीची होती असं मात्र समजू नये. ओटो-मिझुरिया हे मूलनिवासी लोक या भागातलेच; १८८१पर्यंत त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. पणजोबांच्या कष्टांची गोष्ट सांगताना हेही सांगायलाच हवं, असं मला वाटतं.

पणजोबांच्या होमस्टेड दाव्याची फाइल अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्हजमधून, म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारातून, आधीच मिळवली होती. आपल्या सातबाऱ्यापेक्षा ती कितीतरी बोलकी आहे. घराची लांबी-रुंदी, विहीर, गोठा, किती एकर पड जमीन नांगराखाली आणली, किती झाडं लावली, सगळं त्यात आहे आणि खाली दोन शेजाऱ्यांची साक्ष. सासूबाई एकेक ओळ मोठ्याने वाचत होत्या. कुटुंबाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘बायको आणि चार मुलं’. नाव नाहीच. विहिरीची खोली फुटांत मोजली होती!

नाव जनगणनेत सापडलं. १८८०च्या पानावर ती ‘ॲना’ आहे, जन्म बोहेमिया. १८९०चे बहुतेक कागद १९२१मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे गेले, त्यामुळे पुढचा धागा थेट १९००चा. त्या जनगणनेत बायकांना विचारलं होतं, किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात आहेत. तिच्या नावापुढे नऊ आणि पाच. सासूबाईंनी ते दोन आकडे पुन्हा पुन्हा तपासले. चार मुलं गेल्याचं घरात कधीच कुणी बोललं नव्हतं.

मग विल्बर. हे काउंटीचं मुख्य ठिकाण आणि चेक लोकांचं गाव. बेकरीतले खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, खाऊन गावाबाहेरच्या दफनभूमीत गेलो. मक्याच्या शेतांमधली ती जागा, दगडांवरची अक्षरं चेक भाषेतली. शेवाळ धरलेल्या दगडावर नवऱ्याने पाणी ओतलं, मी मऊ ब्रशने हळूहळू पुसलं आणि बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड मारल्यावर अक्षरं उमटली. ॲनाचं नाव, खाली माहेरचं आडनाव आणि जन्मगाव. शेजारी गुडघ्याएवढे तीन छोटे दगड. चौथा आम्हाला मिळाला नाही.

ते गाव दक्षिण बोहेमियात आहे. तिथल्या चर्चची जन्मनोंदींची जुनी दप्तरं त्रेबोनच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवली आहेत. अशा नोंदीत घराचा क्रमांक असतो, आईवडिलांचीही नावं असतात. सासूबाई रोज रात्री लॅपटॉपवर ती पानं वाचत बसतात. नोंद सापडली की ॲनाच्या घरापर्यंत जायचं, हे आमचं ठरलंय.