सोलो न वाजवणारा गिटारिस्ट

गिटार शिकवतो म्हटलं की लोक हमखास विचारतात, "तुमचा आवडता गिटारिस्ट कोण?" मी म्हणतो, फ्रेडी ग्रीन. लगेच पुढची फर्माईश, "मग त्याचा एखादा सोलो, म्हणजे एकट्याने वाजवलेला तुकडा, ऐकवा ना!" इथे पंचाईत होते. काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये हा माणूस १९३७ साली आला आणि मधला थोडा काळ सोडला तर १९८७ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, तिथेच राहिला. एवढ्या वर्षांत त्याचे सोलो बोटांवर मोजण्याइतके.

मग तो करायचा काय, ते सांगतो. चार मात्रांच्या तालात दर मात्रेला एक स्ट्रोक, बस्स. आवाज वाढवणारा अ‍ॅम्प नाही. पुढे ट्रम्पेट-सॅक्सोफोनची फौज, शेजारी ड्रम्स. म्हणून गिटारच्या तारा चांगल्याच उंच ठेवलेल्या. जोरात मारलं तरी खडखडत नाहीत. स्ट्रोक पडला की डाव्या हाताचा दाब लगेच सैल, त्यामुळे सूर लांबत नाही, ठोक्यासारखा येतो. आणि कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, तरी कसली! बऱ्याचदा नीट वाजते ती एकच मधली तार, बाकीच्या तारा बोटांनी मुक्या केलेल्या. तरी कॉर्ड पुरी वाटते, कारण खालचा सूर बेसवाला देतो, वरचे ट्रम्पेटसारखे ब्रासवाले. शिवाय तो एकटा सूर दर एक-दोन मात्रांनी सरकत असतो. नीट कान दिला तर आत एक वेगळीच चाल चाललेली असते.

सवाईला बसणाऱ्या पुणेकराला हे समजावायला लागू नये खरं तर. विलंबित ख्यालात तबलजीने सरळ ठेका धरला, तर 'काही वाजवलंच नाही' असं आपण म्हणत नाही. उलट तो मध्येच तयारी दाखवायला लागला की शेजारचे काका चुकचुकतात. गिटार दिसली की हेच कान कुठे जातात कोण जाणे.

ग्रीनला नम्र, त्यागी वगैरे म्हणणं मला पटत नाही. अख्ख्या बँडची लय मनगटात धरणारा माणूस मला तरी हट्टीच वाटतो. 'कॉर्नर पॉकेट' ही रचना त्याचीच, म्हणजे सुचत नव्हतं म्हणून गप्प होता असंही नाही.

ऐकायचं तर बेसीच्या बँडचं 'लिल डार्लिन' ऐका, १९५७ चं रेकॉर्डिंग. संगीतकार नील हेफ्तीने ती रचना जलद लयीसाठी लिहिली होती, बेसीने पार संथ केली. एवढ्या संथ लयीत पुढे पळायचा मोह भल्याभल्यांना होतो, म्हणून ग्रीन तिथे ठळक कळतो. फक्त हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर तो गायबच होतो.