पांढरी मुळी: लातुरातल्या मातीविना बागेची नोंद, दिवस १ ते २४१

आज दिवस २४१. टाकीतलं पाणी २७ डिग्री, पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) ६.१, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७२०. मागची नोंद एप्रिलच्या सुरुवातीला लिहिली होती, त्यानंतर मे महिन्यात जे झालं त्यात निम्मी झाडं गेली आणि लिहायला हातच उचलला नाही, पण आता पाऊस लागलाय, नवीन रोपं लागलीत, म्हणून सगळं एकदा सुरुवातीपासून लिहून ठेवतेय.

नव्यांसाठी थोडक्यात सांगते. मशीन १२ कपांचं, टाकी साडेचार लिटरची, वर २४ वॅटचा एलईडी जो दांडीवर वरखाली होतो, आत एक छोटा पंप. माती नाही, कपात स्पंज, स्पंजात बी, आणि मुळ्या खाली खताच्या पाण्यात सोडलेल्या. लाईट १६ तास धरला तर महिन्याला साधारण १२ युनिट जातात, पंपाचं त्यात फारसं काही नाही. १० नोव्हेंबरला सुरू केलं तेव्हा ते किचन ओट्यावर ठेवलं होतं, आता मधल्या खोलीत आहे, का ते पुढं येईलच.

पहिली अडचण पाण्याची. आमच्या बिल्डिंगच्या बोअरचं पाणी मीटरवर १०४० दाखवतं. लातूरकरांना नवीन नाही, बादलीला चुन्याचा थर बसतोच. (मीटर घेताना एक बघा, काही मीटर ५०० च्या स्केलवर असतात आणि काही ७०० च्या, म्हणजे तेच पाणी एकाच्या मीटरवर ७०० दिसतं आणि दुसऱ्याच्या मीटरवर ९८०, त्यामुळं आकडे सांगताना स्केल सांगा नाहीतर ऐकणारा खत चुकवतो. माझं ५०० चं आहे.) आरओचं पाणी ६० येतं, पण आरओ एक लिटर देताना दोन-अडीच लिटर बाहेर टाकतो आणि ते बघवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं लातूरला, पहिल्या गाडीला १० डबे, ५ लाख लिटर. ते दिवस इथंच काढलेत मी, घागरी नंबरात लावून. त्यामुळं आरओचं टाकाऊ पाणी फरशीला, आणि मशीनमधून काढलेलं जुनं खतपाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याला, एक तांब्यासुद्धा मोरीत जात नाही. वहीत रोजचं पाणी लिहिते. डिसेंबरात १२ कपांना आठवड्याला २ लिटर लागायचं, झाडं मोठी झाल्यावर ५ लिटर. एवढ्या पाण्यात कुंडीतली दोन झाडं निघत नाहीत माझी.

हिवाळा मात्र एकदम सोन्यासारखा गेला. पुदिन्याच्या बाजारातल्याच जुडीतल्या काड्या खालची पानं काढून लावल्या, सहाव्या दिवशी मुळ्या. इटालियन तुळशीचं बी चौथ्या दिवशी उगवलं, तिला पानांच्या तीन जोड्या आल्या की वरचा शेंडा खुडायचा, मग प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी निघते, न खुडलेली एक ठेवली होती फरक बघायला, ती नुसती उंच होऊन लाईटला टेकली आणि पानं करपली. कोथिंबिरीला घरातलेच गावरान धने घेतले, पोळपाटावर लाटण्यानं हलके रगडून दोन फोडी केल्या, कारण एका धन्यात दोन बिया असतात. आठव्या दिवशी उगवली. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात गेलो तेव्हा भज्जीवर (त्या दिवशीची मिसळीची भाजी) घालायला तीच नेली होती, कडब्याच्या खोपीपुढं बसून सगळ्यांनी खाल्ली, सासूबाई म्हणाल्या वास जरा कमी आहे पण कवळी लई आहे. खरं सांगायचं तर हिवाळ्यात कोथिंबिरीला कप अडवून ठेवण्यात अर्थ नाही, बाजारात जुडी स्वस्त असते आणि आपल्याला एका कपातून जेमतेम मूठभर मिळते. पुदिना, इटालियन तुळस, लेट्यूस यांना कप द्या. शेपूनं मला चकित केलं, तीन वेळा कापला तरी फुटत राहिला.

अण्णा (माझे वडील, औश्याकडं शेती आहे) संक्रांतीला आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हे मशीन पाहिलं. लाईटकडं बघितलं नाही, पानांकडंही नाही, सरळ एक कप वर उचलला आणि मुळ्या बघितल्या. म्हणाले, "मुळी पांढरी हाय बाई, म्हंजी झाड सुखात हाय." तेव्हापासून मी दर रविवारी सगळे कप उचलून मुळ्या बघते, आणि आठ महिन्यांनंतर माझं ठाम मत हेच झालंय की आपल्या भागात मशीनच्या पुस्तकातलं लाईटचं पान कमी वाचा आणि मुळीकडं जास्त बघा.

फेब्रुवारीत केवडा पडला. तुळशीची नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मला वाटलं खत कमी पडलं, म्हणून वाढवलं, टीडीएस ११०० वर गेला आणि पानांची टोकं जळाली. मग अण्णांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "खत नको वाढवू, केवडा हाय हे, फेरस पाण्यात असल पण झाडाला घेता येईना. पाणी कुठलं वापरायलीस?" तर मी आरओ वाचवायला निम्मं बोअरचं मिसळत होते. पीएच बघितला, ७.६. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट असतात, ते पीएच वर ओढतच राहतात, आणि पीएच साडेसहाच्या वर गेला की साध्या चिलेटेड फेरसचं (पाण्यात विरघळून राहावं म्हणून बांधलेलं) लोह झाडाला मिळेनासं होतं. ऊसवाल्यांना आणि मोसंबीवाल्यांना हे पाठ आहे, मला टाकी नासल्यावर कळलं. आधी लिंबूसत्त्व टाकून पीएच उतरवला, पण ते दोन दिवस टिकायचं, पाण्यातले जिवाणू ते खाऊन टाकतात आणि पीएच परत जागेवर. मग पीएच डाऊन आणलं, फॉस्फोरिक ॲसिडचं, ते थेंबाथेंबानं, आणि बोअरचं पाणी बंद. बारा दिवसांत नवीन पानं हिरवी आली, जुनी पिवळी ती पिवळीच राहतात, त्यांची वाट बघू नका.

खताचं जरा सविस्तर लिहिते कारण यावर बरेच जण अडकतात. मशीनसोबतची बाटली संपल्यावर अण्णांनी ठिबकचं १९:१९:१९ खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे, याच क्रमानं) दिलं, म्हणाले सगळं आहे यात. नाही चाललं. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो, मातीत जिवाणू त्याचं रूपांतर करून झाडाला देतात, आपल्या टाकीत ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम अजिबात नाही. पण त्याच कृषी सेवा केंद्रात बाकी सगळं सुटं मिळतं, आणि आता मी १० लिटर आरओ पाण्याला कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅम, १३:००:४५ ३ ग्रॅम, ००:५२:३४ २ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट साडेतीन ग्रॅम आणि चिलेटेड मायक्रोन्यूट्रियंट पाकिटावरच्या मापानं, असं घालते. मीटरवर ७५० ते ८०० च्या आसपास येतं, पालेभाज्यांना हे भरपूर. रोपं लहान असताना निम्मंच. कॅल्शियम नायट्रेट नेहमी वेगळ्या भांड्यात विरघळवायचं आणि दोन्ही भरपूर पाण्यात पातळ झाल्यावरच एकत्र करायचं. मी पहिल्यांदा सगळं एकाच बाटलीत घट्ट कालवून ठेवलं होतं, सकाळी तळाला चुन्यासारखा पांढरा साका, कॅल्शियम हे सल्फेट आणि फॉस्फेटला धरून खाली बसतं, परत विरघळत नाही, सगळं फेकावं लागलं. वजनाला सोन्याचांदीचा छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याच्या मापावर जाऊ नका.

फुलांचं आणि टोमॅटोचं पटकन सांगते. बुटका टोमॅटो, मायक्रो टॉम, वीतभर उंचीचा, नोव्हेंबरात लावलेला फेब्रुवारीत लाल झाला, एकूण ३१ टोमॅटो. घरात वारा नाही, मधमाशी नाही, म्हणून फुलं आली की रोज सकाळी देठाला बोटानं टिचकी मारायची, परागकण आपोआप पडतात. मार्चअखेर रात्रीसुद्धा खोली २६ च्या खाली येईना आणि फुलं गळायला लागली, तिथं काढून टाकला. फ्रेंच झेंडू जानेवारीअखेर लावला, पाडव्याला त्याला पाच फुलं होती. ती पाचही गुढीच्या हारात मधोमध ओवली. बाकीचा हार बाजारातला होता पण येणाऱ्या प्रत्येकाला मी ती पाचच दाखवत होते.

आता मे. बाहेर ४१-४२, घरात ३८, आणि ओट्यावरच्या टाकीतलं पाणी ३३. गॅसच्या शेजारी आणि पश्चिमेची भिंत. गरम पाण्यात हवा कमी राहते, २० डिग्रीला लिटरमागं ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो तर ३० ला साडेसातच्या आसपास, आणि मुळी कुजवणारी बुरशी, पिथियम, नेमकी अशा कोमट पाण्यात वाढते. त्यात दुपारची लाईट जायची, पंप दोन-दोन तास बंद. ९ मेच्या रविवारच्या तपासणीत लेट्यूसचा कप उचलला तर मुळी तपकिरी, हाताला बुळबुळीत, आणि वास नालीचा. पानं वरून अजून ठीक दिसत होती! चार दिवसांत लेट्यूस आणि तुळस मिळून पाच कप गेले, पुदिना तेवढा तग धरून राहिला.

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघितलं, दोन दिवस बरं वाटलं, परत तेच. बर्फाची बाटली टाकीत ठेवली तर पाणी तासाभरात २५ आणि संध्याकाळी परत ३२, असा चढउतार झाडाला आणखीच वाईट. दोन गोष्टींनी खरा फरक पडला. एक, लाईटची वेळ उलटी केली, संध्याकाळी ७ ते सकाळी ९, म्हणजे ऐन दुपारी झाडाला रात्र आणि एलईडीची ऊबही बंद. आणि मशीन मधल्या खोलीत हलवलं, टाकीला बाहेरून ओलं पोतं.

दुसरी गोष्ट माठ. सासूबाईंचं म्हणणं, "माणसाला गार पाणी माठातनं देतो, झाडाला का नाही?" १२ लिटरचा नवीन माठ घेतला, दोन दिवस पाणी भरून मुरवला, तोंडावर थर्माकोलचं झाकण कापून बसवलं, त्याला चार भोकं, चार कप, आणि फिश टँकचा हवेचा पंप पॉवर बँकेवर. खोली ३८, मशीनची टाकी ३२, माठातलं पाणी २५! इकडं एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की माठ फुकटात पाणी गार करतो. तुळशीचं नवीन रोप तिथं लावलं आणि दहाव्या दिवशी मुळी पांढरी, केसासारखी बारीक, मी फोटो अण्णांना पाठवला, त्यांनी फोनच केला.

पण माठाचं एक आहे. पाणी झिरपून उडतं आणि मीठ मागं राहतं. पाच दिवसांत टीडीएस ७०० वरून १०५० गेला आणि माठाला बाहेरून पांढरी पापुद्री आली. त्यामुळं सुरुवात ५०० वर करायची, वरून भर घालताना फक्त साधं आरओ पाणी, खत नाही, आणि बाहेरून दोन दिवसाला ओल्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर छिद्रं बुजतात आणि गारवा जातो. त्या माठातलं पाणी पुन्हा प्यायला वापरू नका. कुणी आतून अर्धा भाग मेण किंवा रंग लावून झिरपणं कमी करून बघितलं असेल तर मला सांगा, किती गारवा कमी होतो ते मोजायचंय.

जूनमध्ये पाऊस लागला तसा माठाचा उपयोग संपला, हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि माठ नुसतं भांडं राहतो. पण त्या बदल्यात पावसाचं पाणी आलं. पहिले दोन पाऊस गच्ची धुवायला सोडून दिले, तिसऱ्याचं पिंपात धरलं, फडक्यातून गाळलं, मीटरवर १८. आरओपेक्षा स्वच्छ, आणि वाया काहीच नाही. २०० लिटरचं पिंप भरून झाकून ठेवलंय. मशीनला ते दिवाळीपर्यंत पुरेल असा माझा हिशोब आहे.

१ जुलैला नवीन बी टाकलंय. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांसाठी. घरातून किती निघतील ते बघायचंय, पालक, शेपू, मेथी, चुका, चवळीचा पाला आणि एक मिरची, असे सहा प्रकार दोन-दोन कपांत. मेथी तिसऱ्या दिवशी उगवली, चुका अजून वर आला नाही. आज सकाळी पालकाचा एक कप उचलून बघितला, स्पंजाच्या खालून अर्धा बोट मुळी बाहेर आलीय. पांढरी आहे.